एका पानाची किंमत

"एवढं एक पान काढा, बाकी अहवाल तसाच छापू," शेषगिरी सर म्हणाले. आमच्या संशोधन केंद्राचे ते संचालक. सकाळीच त्यांना एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून फोन आला होता.

मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरली, आणि म्हैसूरजवळच्या हिनकलला चादरी विकणाऱ्या एका बाईला लोकांनी बेदम मारलं. ती अफवा कुठून सुटली याचा माग मी काढला होता. तो त्याच कार्यालयाच्या ग्रुपवर जाऊन थांबत होता, आणि त्या पानावर तेच लिहिलं होतं.

"खोटं आहे का, सर?"

"खरं-खोटं कोण विचारतंय? तुमची मुलगी लहान आहे, एवढंच म्हणतो."

मी बाहेर आले. नवऱ्याला, दिगंबरला फोन केला. "काढ की," तो म्हणाला, "जगाचा ठेका तूच घेतलायस का?" काढायचं ठरवलं. आधी आभाला घरी आणू, मग काढू.

बालवाडीचं फाटक आतून बंद होतं. बालवाडी चालवणाऱ्या सुमित्राबाई पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या. रोज हसून आत बोलावणाऱ्या, आज आतच उभ्या.

"आभाच्या बाबांना येऊ दे. मग सोडते."

"बाई, मी आई आहे तिची."

"ते मला कळत नाही का गं? पण नोड, बघ हे." गजांतून त्यांनी फोन पुढे केला. माझाच फोटो. खाली मजकूर: ही बाई संशोधनाच्या नावाखाली मुलांची माहिती गोळा करते, सावध राहा, पुढे पाठवा. "बाकीच्या आया ओरडायला लागल्यात. एनु माडोदु, काय करायचं मी, तूच सांग."

आत आभा दप्तर लावून तयार होती. "आई, चल ना."

चादरीवाल्या बाईनं मला सांगितलं होतं, मार खाताना ती एकच ओरडत होती: मलाही पोरं आहेत. कुणी ऐकलं नाही. मी तर ते नीट टाइप करून अहवालात घातलं होतं, आणि आता घाबरून पुसायला निघाले होते.

"हे तुम्हांला कुणी पाठवलं, बाई?"

"आमच्या रम्यानं. भाची माझी."

"तिला विचारा, तिला कुठून आलं."

बाईंनी फोन लावला, स्पीकरवर. रम्यानं सहज सांगितलं, त्याच कार्यालयाचा ग्रुप. हिनकलची अफवाही तिथूनच सुटली होती, हे मी बाईंना सांगितलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं.

आभाला कडेवर घेऊन तिथंच सरांना फोन लावला.

"पान राहील, सर. आणखी एक वाढतंय."