मागच्या चाकाची अट

मला राग लवकर येतो. लपवून काय करू? आमच्या घरात तो एकट्या मलाच येतो. बाकीचे शांत बसून माझ्याकडे बघत राहतात, त्यामुळे तो आणखी येतो.

गोष्ट सत्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. मालवणात घराजवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून माझी बारा वर्षं झाली होती. बदली करून तिथून मला उचललं आणि चौके गावाच्या आत एका वाडीतल्या शाळेत टाकलं. चौक्यापर्यंत एसटी, पुढे चार किलोमीटर पायी. शनिवारी सकाळची शाळा असली की ती एसटीसुद्धा उपयोगाची नाही, कारण मी तिथे पोचेपर्यंत पोरांची प्रार्थना होऊन निम्मे पाढे झालेले असणार. जूनमध्ये हजर व्हायचं होतं.

आणि घरात स्कूटर होती. माझे यजमान, जयराम, तहसील कचेरीत कारकून. कचेरी घरापासून दहा मिनिटं चालत. त्यामुळे ती स्कूटर बहुतेक वेळ पडवीत जुन्या चादरीखाली झाकलेली असायची. रविवारी चादर काढायची, पुसायची, परत झाकायची. देवालासुद्धा एवढं कोणी जपत नाही. मी बांद्याला माहेरी भावाच्या स्कूटरवर शिकले होते, लायसनही काढलं होतं. पण या गाडीवर मी कायम मागेच बसले.

"गाडी माका द्या," मी एका संध्याकाळी सरळ म्हटलं. "लायसन आसा माझ्याकडे."

"आसा, ता माका म्हायत आसा. पण वाटेत टायर बसलो तर? मी हंय कचेरीत, तू थंय रानात. कोण येतलो मदतीक?"

"मी बदलतलंय."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. विचार करून ते म्हणाले, "मागचा चाक एकटीन खोल, परत बसय आणि गाडी चलवन दाखय. कोणाचो हात लागता नये. जमला तर चावी तुझी. नाय जमला तर जूनात राजीनामो दी. रोज आठ किलोमीटर चलान तुझी कंबर मोडतली, ता माका बघवचा नाय."

म्हणजे अट माझ्या काळजीपोटी होती. काळजीशी भांडता येत नाही, हेच तर वाईट. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी ते मासळी आणायला धक्क्यावर गेले. मुलं सुट्टीत बांद्याला होती. घरात मी आणि माझ्या सासूबाई, माई. त्या पडवीच्या पायरीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, सालं एका सुपात, बिया एका भांड्यात. मी स्कूटर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात काढली. रिमचे पाच नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, हे भावाने शिकवलेलं. पान्यावर पाय देऊन एकेक नट सैल केला. नटांवर कारखान्यातला रंग जसाच्या तसा होता, पाना लागला तसा पापुद्र्यांनी उडाला. मग स्टँडखाली फळी सरकवून चाक अधांतरी केलं आणि पाचही नट काढून चहाच्या बशीत ठेवले.

चाक काही सुटेना.

ओढलं, हलवलं, टाचेने लाथ मारली. खाऱ्या हवेने रिम मागच्या ब्रेकच्या ड्रमला धरून बसली होती. आमच्याकडे दाराची कडीसुद्धा वर्षभरात लाल होते, तर हे चाक. शाळेत पोरांच्या तोंडून आले असते तर मी कान पिळला असता, असे दोन-चार शब्द माझ्या तोंडून गेले. माईंनी रातांबे फोडणं थांबवलं.

"आता काय करतलंस?"

"मधलो मोठो नट काढूचो लागतलो. म्हणजे ड्रमासकट चाक भायर येतला. मगे आतसून ठोकून सुटतला."

मधल्या नटाची पिन पकडीने ओढून काढली. नटाला पाना लावला तर नटाबरोबर चाकही फिरायला लागलं. ब्रेक दाबून धरल्याशिवाय तो नट सुटणार नव्हता, आणि ब्रेकचं पेडल पुढे, मी मागे. मी पाना हातात घेऊन नुसती उभी राहिले. मला तिसरा, लांब पाय असता तर, असला काहीतरी विचार डोक्यात आला.

माईंनी पदराला हात पुसले, खाली उतरल्या आणि पेडलवर पाय ठेवला.

"माई, कोणाचो हात लागता नये, असा ठरलाहा."

"हात खंय लायतंय? ह्यो पाय."

पान्याच्या दांड्याला पाइपाचा तुकडा घालून मी त्यावर लोंबकळले आणि नट सुटला. ड्रमासकट चाक बाहेर आलं. आत ब्रेकचे दोन अर्धगोल तुकडे उघडे पडले. ड्रम आतून लाकडाने ठोकला तशी रिम एकदाची सुटून पडली. मी पॉलिश पेपर घेऊन सगळा गंज घासून काढला. ड्रमची आतली बाजू चांदीच्या ताटासारखी झाली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. हात कोपरापर्यंत काळे झाले होते, म्हणून मागे विहिरीवर गेले, राखेने हात घासले, येता येता चुलीवर चहाचं आधण ठेवलं. परत आले तेव्हा माई आपल्या पायरीवर बसून रातांबे फोडत होत्या.

बसवणं सोपं गेलं. ड्रम आत, मधला नट, माईंचा पाय ब्रेकवर. नट आवळताना ड्रम मात्र थोडा थोडा फिरत होता.

"नीट दाबा हो," मी म्हटलं.

"दाबतंय गो."

मला वाटलं, म्हातारीचा पाय थकला. चाक लावून, पाच नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून गाडी जमिनीवर घेतली, मग मधला नट पुन्हा आवळला आणि पिन घातली. जयराम पिशवीत पेडवे घेऊन आले, तेव्हा स्कूटर खळ्यात उभी होती आणि मी पदराने तोंड पुसत होते.

त्यांनी वाकून सगळे नट बघितले. हलवून पाहिले. त्यांना ते आवडलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

"आता चलवन दाखय."

आमच्या खळ्यातून खाली रस्त्यापर्यंत उतार आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. खाली एसटीचा रस्ता. मी गाडी सुरू केली आणि उतारावर सोडली. अर्ध्यावर ब्रेकवर पाय दिला. काही झालं नाही. पूर्ण जोर दिला, तरी गाडी आपली मजेत चाललेली. पुढचा ब्रेक दाबला तर चाक मातीवर घसरलं. रस्ता समोर दिसायला लागला, तेव्हा मी हँडल शेजारच्या सत्यवानच्या गडग्याच्या फटीत वळवलं आणि त्याने रचून ठेवलेल्या झावळ्यांच्या ढिगात जाऊन पडले. कोपर सोलवटलं. गाडीला काही झालं नाही.

जयराम धावत आले. आधी मला उठवलं, मग गाडी. गाडी ढकलत आम्ही वर आणली. चाकाजवळ वास येत होता, खोबरं करपल्यासारखा. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ते बघत असताना मी पुन्हा सगळं खोललं, या खेपेला चाक फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून. ड्रमच्या आत आणि त्या दोन्ही तुकड्यांवर खोबरेल चकाकत होतं.

"माई," मी म्हटलं, आणि मग मला आवरलं नाही. "तुमका कोणी सांगितल्यान हात लावूक? सकाळपासून मी मरतंय आणि तुमी तेल चोपडतास? माझी नोकरी गेली तुमच्या ह्या तेलान."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. माईंच्या हातातला रातांबा हातातच राहिला.

"आडाळो धुतलंय की मी तेल लायतंय," त्या हळू म्हणाल्या. "कोयतो धुतलंय की लायतंय. ह्या पण लोखांड. तू इतक्या घासून साफ केलंस. म्हटला, ता परत गंजता नये. गंजला तर तो तुकाच बोलतलो."

खोबरं खवायच्या आडाळ्याला आमच्याकडे खरंच कधी गंज चढला नाही. चाळीस वर्षं त्या रोज पुसून तेलाचं बोट फिरवतात. मला फार लाज वाटली. बाईने माझ्यासाठी केलं होतं आणि मी तिच्यावरच ओरडले होते.

"झाला मगे," जयराम शांतपणे म्हणाले. "हात लागलो, ब्रेक लागलो नाय. आज रस्त्यार एसटी असती तर? अट संपली, शुभदा. चावी हाड."

मी चावी दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

माई उठल्या. पदर खोचून खळ्यात आल्या आणि मुलासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"चावी तिका दी."

"माई, तू मधी पडू नको."

"तेल माझा, चुकी माझी. चाक तिना खोललान, तिनाच बसयलान. ता निखाळला काय? नाय. आता ती तेल काढतली, परत बसयतली, आणि परत चलयतली. आणि तिच्या मागे मी बसतलंय."

"तुका खुळ लागला? खाली एसटीचो रस्तो आसा."

"म्हणानच बसतलंय. तुका इतकी भीती वाटता ना, मगे तिका एकटीक कशी सोडू?"

जयरामांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पेट्रोलची चिंधी आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी ड्रम धुतला, ते दोन तुकडे धुऊन घासले, पुन्हा धुतले. माई उकिडव्या बसून विचारत होत्या, तेल खंय चलता, खंय चलणा नाय. मी दाखवलं. भायर चलता, आत नाय. त्यांनी मान हलवली. नट आवळायची वेळ आली तेव्हा कोणी न सांगता जयराम पुढे गेले आणि पेडलवर पाय ठेवला. ड्रम जागचा हलला नाही.

"मी स्वता कधी ह्या चाक खोलूक नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माका जमला नसता."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नटांवरचा रंग मी सकाळीच बघितला होता. पण मी पिन घातली, तिची टोकं वाकवली आणि गप्प राहिले. रागीट असले तरी मला तेवढं कळतं.

त्यांनी चावी काढून दिली. माई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसल्या, एका बाजूला दोन्ही पाय करून. एक हात माझ्या पोटावर घट्ट. त्या हाताला रातांब्यांचा आंबट वास येत होता आणि त्याची नखं साडीतून टोचत होती. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या. मला रडू आलं, पण उतारावर रडायची सोय नव्हती.

अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुन्हा सोडली आणि अगदी खाली, रस्त्याच्या कडेला पुन्हा दाबला. थांबली. कुडाळहून येणारी एसटी धूळ उडवत समोरून गेली, आणि आम्ही दोघी होतो तिथे होतो. मी मागे वळून पाहिलं. जयराम वर गडग्याला धरून उभे होते, यायची वाट बघत.

मी गाडी वळवायला लागले, तर माईंनी पोटावरचा हात आवळला.

"परत कित्याक वळवतंस? तुझी शाळा खंय आसा, ती दाखय माका."

"आता? ते वर थांबलेहत."

"ऱ्हवांदे उभो. त्येका कळांदे, वाट कशी बघूची ता."

मी हँडल चौक्याच्या दिशेला केलं आणि गिअर टाकला.