सवतीची एकदाणी

मले कोणी विचारलं असतं तर मी सांगतलं असतं, त्या एकदाणीले हातच लावू नका. पण सातव्या महिन्यातल्या सुनेले कोण विचारते!

एकदाणी सुभद्राची, म्हणजे माह्या घरच्यायच्या आधीच्या बायकोची. सोन्याच्या मण्यायची एक सर, अन् मधात काळ्या फडक्याची घट्ट पुडी. सुभद्रा याच घरात बाळंतपणात गेली, पोरासंगं. लग्नात तिचा दागिना माह्या वाट्याले आला अन् तिचा टाक माह्या गळ्यात आला. टाक म्हणजे रुप्याच्या पत्र्यावर ठोकलेली, बोटाच्या पेरायेवढी बाई. मेलेल्या सवतीनं नव्या बायकोले छळू नये म्हणून आमच्यात तो बांधते. नवं लुगडं आलं का पयले त्याचा पदर टाकाले लावाचा, मंग आपण नेसाचं. जेवाले बसली का पयला घास तिले दाखवाचा. मी एक दिस चुकली नाही. मले तिचं लय भेव वाटे. न्हाताना टाक छातीले थंडगार लागला का वाटे, आली बाई, आता पोटातलं मागते.

त्या उन्हाळ्यात एकदाणीचा दोरा कुजला अन् मणी गळू लागले. घरात तिघायची तीन तोंडं झाली. माह्या मनात होतं, नव्या दोऱ्यात ओवा अन् ठेवून द्या. माहे घरचे सीताबर्डीले गोऱ्या साहेबाच्या कचेरीत नकलनवीस. यायचं म्हणणं, कोणी लेत नाही तर इतवारीच्या सराफ्यात विकून टाका. अन् सासू, जिले मी मामी म्हणो, तिनं आटवाचंच धरलं.

"आटवा अन् बाळाले कडे-साखळी करा," म्हणे. "मेलेलीचं सोनं आगीतून निघालं का नवं होते."

"मामी, ते रागावन ना जी!"

"गोपिके, तोंड बंद कर वं. मेलेली बाई काय रागावते?"

मंग माह्या गळ्यात टाक काहून बांधला? पण हे मी मनातच म्हणलं. तोंड उघडाची सोय कोठं होती त्या घरात!

चाललं मामीचंच. नत्थूजी सोनार शेगडी अन् फुंकणी घेऊन घरीच आला. आपल्या डोळ्यापुढं आटवलं तरच सोन्याचा भरवसा, असं मामीचं. ती पाटावर बसली, हे भिंतीले टेकून उभे. नत्थूजीनं कोयसे फुलवले, दोरा कापला, मणी मुशीपाशी मांडले अन् फडक्याची पुडी माह्याकडे टाकली.

"हे घे बाई. कापड काही आटत नाही."

मले वाटलं, देवाचा अंगारा असन. सोडून पाह्यलं. आतमधे टाक निघाला.

सुभद्राचा टाक तर माह्या गळ्यात! मी चाचपून पाह्यला. होता. मंग ही कोण?

"मामी, हे कोण जी?"

"दे इकडं." मामीनं झडप घातली. मी मूठ आवळली. पोट बी घट्ट झालं, दगडावानी.

"कोण हाय ते सांगा!" मी ओरडली. सासूपुढं माहा आवाज कधी चढला नव्हता. नत्थूजी खाली मुंडी घालून फुंकणी पुसत बसला. त्याले ठाऊक होतं, त्यानंच घडवला असन.

शेवटी हेच बोलले. "कौशल्या," म्हणे. "पयली."

पयली! माह्या बापाले एकीचंच सांगतलं होतं यायनं. मी तिसरी होती.

"ते कशानं गेली?"

"बाळंतपणात. सुभद्रासारखीच."

बाई बाई! म्हणजे सुभद्रा बी माह्यासारखीच गळ्यात सवत घेऊन हिंडे. तिनं बी घास दाखवला असन, पदर लावला असन, पोटावर हात ठेवून दचकली असन. एवढं करून बी मेली. मंग मी येवढे दिस कोणाले भेत होती?

"कोठं बाळंत झाल्या त्या?"

"मागच्या खोलीत. आणखी कोठं होतीन?" मामी फणकारली. "या घरची सून माहेरी जात नाही."

ते खोली मी पाह्यली होती. खिडकीले गोणपाट ठोकलेलं, वारा नाही का उजेड नाही. कालच मामीनं सारवून घेतली होती, माह्यासाठी.

"सुभद्राले ताप भरला होता," हे हळूच बोलले. "पाणी मागे. भिंतीआडून मले ऐकू ये."

"बाळंतिणीले पाणी देत नसते!" मामी कडाडली. "आमाले बी नाही देल्लं. आमी काही मेलो नाही. कौशल्यानं नेलं सुभद्राले, पाण्यावाचून कोणी मरते का?"

माह्या जिभेले तेथंच कोरड पडली. मेलेल्या बायायचं भेव त्या घडीले सरलं. त्याच्या जागी दुसरं आलं, अन् ते पाटावर बसून माह्याकडे पाहत होतं.

मी शेगडीपाशी बसली अन् सारे मणी पदरात ओढले. मंग यायच्याकडे पाहून बोलली.

"अवो, तुमाले एकदाणी विकाचीच होती ना? आजच विका. गाडी करा अन् मले पारशिवनीले माह्या मायपाशी पोचवा. नाही तर नत्थूजी बसलाच हाय, शेगडी फुललीच हाय. माहा टाक आजच ठोकून घ्या. चौथीच्या गळ्यात बांधाले लागन."

मले वाटलं, आता हे मलेच मागच्या खोलीत ढकलतीन अन् कडी लावतीन. हे भिंतीपासून सरले, माह्यापाशी बसले अन् पदराखाली ओंजळ धरली.

"नत्थूजी," म्हणे, "आटवू नको. तोल."

"रुपराव!" मामी ओरडली. यायनं वळून पाह्यलं नाही.

दुपारी गाडी दारात आली. पोट अजून घट्टच होतं, अन् मले एकच काळजी, रस्त्यातच कळा लागल्या तर? मी कशीबशी चढली. मामी उंबऱ्यापर्यंत आली.

"पोरगा झाला तर लगेच कळव," म्हणे.

"अन् मी वाचली तर?"

मामीनं दार लावून घेतलं.