गोंद सुकेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कारखान्यात तापलो, ठोकला गेलो, घासला गेलो... जाऊ द्या. ते सगळेच चिमटे सांगतात. मी थकलोय, मुद्द्याचंच सांगतो.

मी खोट्या पापण्या लावतो. म्हणजे लावते माझी बाई, मी नुसता तोंडात धरतो. सोळा वर्षं झाली. जिन्याखालची खोली, आरसा, उंच खुर्ची. पापणी डोळ्यावर धरून मापायची, जास्तीची बाहेरच्या टोकाने कापायची, कडेला गोंदाची रेघ ओढायची आणि थांबायचं. ओला गोंद घसरतो. या धंद्यातल्या बाकीच्या जणी अंक मोजतात. माझी बाई विचारते, "सकाळपासून काय काय केलंत?" समोरचीचं सांगून संपलं, की गोंद तयार. तुंबलेली मोरी, सासूचा गुडघा, हरवलेली किल्ली. हजारो सकाळी ऐकल्या मी. कौतुक झालं ते पापण्यांचं. मला आठवड्याने पुसलं तर पुसलं.

माझा एक पाय वाकडा आहे. दहा वर्षांपूर्वी बाईची थोरली बहीण भर पाहुण्यांत म्हणाली होती, "ही काय, लोकांची तोंडं रंगवते!" त्या दिवशी बाईने मला भिंतीवर फेकलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

परवा दुपारी तीच ताई दारात उभी. डोक्याला रुमाल. आजारपणाच्या औषधांनी पापण्यांचा एक केस ठेवला नव्हता.

"सोमवारी कामावर जायचंय," ती खुर्चीकडे बघत म्हणाली. "काउंटरवर बसते मी. येणाऱ्या-जाणाऱ्याने 'अरेरे' म्हणायला नको."

बाईने डबा उघडला.

"त्या लांब नकोत हं. नाटकातली राणी दिसेन."

"तुला कोण राणी करतंय!" म्हणत बाईने सगळ्यांत आखूड, विरळ जोडी काढली. रेघ ओढली. सवयीने विचारलं, "सकाळपासून काय काय केलंस?"

"काही नाही."

उत्तर संपलं, हात पुढे गेला. पापणी गालावर.

पुसलं. पुन्हा रेघ. पुन्हा तेच विचारलं.

"उठले. बसले."

पुन्हा गालावर.

"जमत नसेल तर राहू दे," ताई उठू लागली.

"बस गं! तू बोलत नाहीस म्हणून पडतेय ती. तू बोलशील तेवढ्यात गोंद सुकतो."

ताई बसली. तिसरी रेघ.

"सकाळी तुझ्या दारावरून तीनदा गेले," ती म्हणाली. "आधी वाटलं, हाकलशील. मग वाटलं, नाही हाकलणार, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. कोपऱ्यावर दोन कप चहा प्यायले, नको असताना. त्या दिवशी मी तुला जे बोलले ना..."

ती बोलत राहिली. गोंद तयार झाला, बाई हलली नाही. गोंद वाळून कडक झाला, तरी हलली नाही. माझा वाकडा पाय भरून आला होता.

"अगं, सुकला ना तो," शेवटी ताईच म्हणाली.

"सुकू दे. ट्यूब भरलेली आहे. तू डोळे पूस आधी."

चौथ्या रेघेला पापणी बसली, मागोमाग दुसऱ्या डोळ्याचीही. ताईने आरशात बघत डोळे मिटले, उघडले.

"तोंड बरं रंगवतेस," ती म्हणाली.

मित्रांनो, काम झालं की चिमटा पुसत जा. टोकांवर गोंद साचला की आमची पकड जाते. माझ्या टोकावर तिसऱ्या रेघेचा एक कण अजून आहे. तो मात्र राहू द्या. थकलोय मी, पण तेवढा पेलवतो.