शेपटीची दोन पाती

मुकेशनं माझ्यापुढे खोकं ठेवलं आणि म्हणाला, "घ्या पंत, आता तुमचं टेन्शन गेलं." खोक्यात त्याचं जुनं हेलिकॉप्टर होतं आणि त्याचे होते नव्हते तेवढे सुटे भाग. माझं टेन्शन नेमकं तिथून सुरू झालं.

रिमोटवर उडणारी ही हेलिकॉप्टरं आम्ही दोघांनी चौदा वर्षांपूर्वी एकाच दिवशी घेतली होती, एकाच मॉडेलची. मी तेव्हा अंबरनाथला कारखान्यात होतो, आता निवृत्त आहे. मुकेशचं उल्हासनगरला पडद्यांच्या कापडाचं दुकान. दर रविवारी बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला एका माळावर आम्ही उडवायला जातो. हे मॉडेल कधीच बंद झालं, भाग कुठेही मिळत नाहीत. त्यामुळे माझं आपटलं की मुकेशचा गिअर आणि त्याचं आपटलं की माझी पाती. आठवड्यात आमचे तीन-चार फोन व्हायचे, ते सगळे याचेच. आता कुठलं यंत्र मुळात कोणाचं, हे देवालाही सांगता येणार नाही.

आणि आज हा गृहस्थ नवीन घेऊन आला. रिमोट सोडला तरी ते हवेत जागच्या जागी उभं राहतं. बटण दाबलं की आपणहून परत येतं. "बघा, काहीच करावं लागत नाही," मुकेश कौतुकानं म्हणाला. मग इतक्या लांब आलास कशाला, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. आमच्या जुन्याला क्षणभर सोडलं तरी ते कलंडतं, त्यामुळे माझे अंगठे सवयीनं हलत राहिले आणि ते बिचारं उगाच डोलायला लागलं.

"पंत, छोड दो ना. तुम्हीच हलवताय त्याला."

मी अंगठे उचलले. ते शांत उभं राहिलं. छान होतं, खोटं कशाला बोलू? मग मला राग कशाचा येत होता? नवीन जमणार नाही अशी भीती म्हणावी, तर ते जमलं होतं. जुन्यावर जीव म्हणावा, तर त्यालाच मी दर रविवारी शिव्या घालतो. इतकी वर्षं सुटे भाग नाहीत म्हणून रडत होतो. आता जन्मभर पुरतील एवढे समोर होते, तर ते नकोसे वाटत होते. काही केल्या मेळ लागेना.

खोकं गाडीत ठेवताना हाताला शेपटीची दोन पाती लागली. त्यांवर आमच्या मुलीनं, मीनानं, नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. म्हणजे मुळात माझीच. मागच्या महिन्यात फोन करून मुकेशनं मागून घेतली होती. आता तो काही मागणार नव्हता, आणि माझ्याकडे सगळंच असल्यावर मी तरी त्याला फोन कशासाठी करणार होतो?

मी ती पाती उचलून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली. "ही तुझ्याकडे राहू देत."

"अहो, पण तुम्हालाच लागतील ना?"

"लागली की फोन करीन."

मुकेश गोंधळला. "पण पंत, तुमची पाती तर दर पंधरा दिवसांनी तुटतात."

"आता आठवड्याला तुटतील," मी म्हणालो.

मग त्यानं खिशाचं बटण लावलं.