पलंगामागची भिंत

ही आठवी खोली, आणि आमच्या खिशाला परवडणारी पहिलीच. जिन्यात दुसरं कुटुंब ताटकळत उभं होतं. खोकून खोकून थकलेली आमची पोर बायकोच्या खांद्यावर झोपली होती. आधीच्या घरातल्या ओलीनं तिच्या छातीची पार वाट लावली होती.

"पलंगामागे ओल नाही ना?" बायकोनं विचारलं.

"छे! हात लावून बघा," मालक म्हणाले. "आणि लवकर सांगा, बाहेर लोक थांबलेत."

तिनं हात लावला. भिंत कोरडी. तिचा चेहरा असा खुलला की मी नजर दुसरीकडे वळवली.

ती भिंत मागच्याच आठवड्यात मी रंगवली होती. ओलीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. दारातच मी खोली ओळखली, तरी गप्प राहिलो. मालकानं मात्र मला ओळखलं नव्हतं. रंगाऱ्याचं तोंड बघतो कोण!

बायकोनं सहीसाठी पेन उचललं.

"थांब!" मी ओरडलो. "आत सगळी ओल आहे! हेच मला म्हणाले होते, भाडेकरू येईपर्यंत डाग दिसला नाही म्हणजे झालं!"

मालकाचं तोंड उतरलं. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी तेव्हा हसलो होतो.