उरणात ऊस कुठला?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मुळमुळीत बोलणं मला जमत नाही. माझा रंग उडाला, पाठीला वाळवी लागली, तेव्हा मला जिन्याखाली टाकून दिलं. त्याचं दुःख आहेच. पण राग त्याचा नाही. राग कशाचा, ते ऐका.

बंदरावर परदेशी यंत्रांची मोठमोठी खोकी उतरायची. त्यांच्या लाकडातून कोंडिबा सुतारानं मला घडवलं. रंधा मारून, काळा रंग देऊन तो म्हणाला, "जा, शिकव चार लोकांना." आणि मी नवी मुंबईतल्या एका अध्यापक महाविद्यालयात भिंतीवर चढलो. काय ऐट होती माझी! तिथं शिक्षकच विद्यार्थी होते. नोकरी सांभाळून एम. एड. करायचे. त्यासाठी प्रत्येकाला एक छोटं संशोधन करावं लागे. आमच्याकडची रीत अशी, की आपला विषय आधी माझ्यावर लिहायचा आणि समितीपुढे उभं राहायचं. समितीनं मान डोलावली की कामाला लागायचं.

मला वाटलं, आता काय काय नवे प्रश्न अंगावर येतील! कसलं काय नि कसलं काय. एक जण लिहायचा, 'पनवेल तालुक्यातील शिक्षकांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास'. पुढची तेच लिहायची, फक्त पनवेलच्या जागी ठाणे. चिकित्सक, चिकित्सक, चिकित्सक! आणि समस्या कोणती विचाराल, तर कुणालाच ठाऊक नाही. मार्गदर्शक चंद्रशेखर सरांकडे जुन्या प्रबंधांचा गठ्ठा होता. त्यातला एक विषय काढायचा, गावाचं नाव बदलायचं आणि देवळातल्या तीर्थासारखा विद्यार्थ्याच्या हातावर ठेवायचा. तोही बिचारा डोळे मिटून घ्यायचा.

१९९६ साली संघप्रिया आली. उरणजवळ मोऱ्याच्या शाळेत ती शिकवायची. घर मूळचं बीडकडचं. सरांनी दिलेला विषय तिनं मुकाट्यानं माझ्यावर लिहिला: 'उरण तालुक्यातील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास'. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरली आणि बघतच राहिली. अहो, उरणला मिठागरं आहेत, मासळी आहे, कंटेनर आहेत. ऊस दिसलाच तर रसाच्या गाड्यावर!

"सर, उरणला ऊस कुठाय?" तिनं विचारलं.

"तुला ऊस काय करायचाय? संशोधनाची पद्धत शिकायचीय ना?"

"माझे मामा दरसाल ऊस तोडायला जायचे, सर. त्या पोरांचे हाल मी बघितलेत. पण ती पोरं इथं नाहीत. प्रश्नावली कुणाकडून भरून घेऊ?"

"भरता येतात गं त्या! टेन्शन कशाला घेतेस? परवा समिती आहे. विषय पास झाला नाही तर वर्ष गेलं समज."

भरता येतात म्हणे! घरी बसून, खोट्या! माझा नुसता तिळपापड झाला. पण फळ्याला तोंड कुठं असतं? तिला शाळेनं एकाच वर्षाची सवलत दिली होती. हे वर्ष गेलं असतं तर तिचं एम. एड.च संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग रिकामा असताना ती परत आली. तिनं ऊस पुसून टाकला आणि लिहिलं, 'मुलींची गळती'. "छे, हे तर साऱ्या देशाचं झालं," म्हणत पुसलं. मग लिहिलं, 'पालकांच्या उदासीनतेमुळे मुलींची गैरहजेरी'. त्याकडे बघून स्वतःवरच चिडली. "हे तर मी उत्तर लिहिलं. प्रश्न कुठाय?" तेही पुसलं. माझ्या अंगभर पांढरा धुरळा झाला, पण सांगतो, इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मग तिला तिच्या वर्गातली गोजरा आठवली. शाळा बुडवल्याबद्दल तिला रागावल्यावर ती म्हणाली होती, "बाई, उधान आलं का मासली लय येतं. आय बाजारान जाते. मंग बारक्याला कोन बगल?" संघप्रिया ते वाक्य मोठ्यानं म्हणाली आणि झरझर लिहीत सुटली: 'मोरा येथील कोळीवाड्यातील पाचवी ते सातवीच्या मुलींची गैरहजेरी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाढते काय? वाढत असल्यास का?'

समितीच्या दिवशी सर भडकले. "विषयाला कधी प्रश्नचिन्ह असतं का? आणि चिकित्सक कुठं गेलं?" त्यांनी डस्टर उचललं. माझा जीव गलबलला.

"थांबा, पुसू नका," प्राचार्या जयमालाबाई म्हणाल्या. "संघप्रिया, हे खोटं निघालं तर?"

"तर खोटं निघालं असं लिहीन, बाई. पण घरोघर जाऊन, तपासून लिहीन."

"मग हाच विषय."

ते खरं निघालं. तिनं ते गावापुढे मांडलं आणि उधाणाच्या दिवसांत मोऱ्याची बालवाडी दिवसभर उघडी राहू लागली. बारक्या तिथं आणि गोजरा वर्गात.

आता माझ्या रागाचं खरं कारण. पुढच्या वर्षी कामोठ्याचा सुयश आला आणि सरांनी त्याच्या हातावर विषय ठेवला. त्यानं माझ्यावर लिहिला: 'कामोठे वसाहतीतील मुलींची गैरहजेरी व उधाण यांचा चिकित्सक अभ्यास'. अरे देवा! तिचाच प्रश्न, गावाचं नाव बदलून!

आपल्या बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयाला द्यायला संघप्रिया नेमकी तेव्हाच आली होती. तिनं माझ्यावरचं वाचलं. "सुयश, तुमच्या सोसायटीत उधाण येतं?"

"कसलं मॅडम, आमच्याकडं नळालाच पाणी येत नाही."

"मग तुझ्या वर्गात रोज काय खुपतं तुला?"

सुयशनं हळूच सगळं पुसलं. खडू हातात धरून तो माझ्यासमोर नुसता उभा राहिला. विचार करत होता पोरगा, माझ्यासमोर पहिल्यांदाच.

"अरे, गप्प काय उभा? लिही काहीतरी!" सर ओरडले.

मित्रांनो, मला ओल्या फडक्यानं पुसा, वर्षाकाठी रंग द्या, जिन्याखाली टाकू नका, हे तर आहेच. पण कुणी माझ्यासमोर असा गप्प उभा राहिला, तर देवाशपथ, त्याला ओरडू नका. राहू द्या की त्याला उभा!