त्या बाकड्यात असं काय आहे?

मी जळून बोलतोय, आधीच सांगतो. दोन जावांच्या शिवणाच्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल मी. सुताराने जाडजूड फळ्या लावल्या आणि म्हणाला, "यावर नाचलात तरी हलणार नाही." नाचलं कुणी नाही, पण थोरलीची मूठ मात्र रोज बसायची.

त्याचा मला केवढा तोरा! खिडकीशी अर्धी जागा मीच अडवलेली, आणि उरलेली उजेडाची जागा दोघींनाही हवी होती. थोरलीने माझ्यावर मूठ आपटली. "खिडकी माझी! मुकाट्याने मशीन मागे ने!" धाकटीने लगेच मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात ओढलं. जिंकलो की आम्ही, मला वाटलं.

कसलं काय! त्या दिवसापासून धाकटी आपल्यापुरतं शिवायची. मग एके दिवशी थोरलीने गिऱ्हाइकाचा भारी कोट माझ्यावर बेतला आणि दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. धाकटी समोर उभी होती.

"अगं, दिसत होतं तर बोलली का नाहीस?" थोरली कडाडली.

"बोलून काय करू, ताई? तुम्ही आपटणार, मी गप्प बसणार. उद्यापासून मी येणार नाही." एवढं म्हणून ती दारातल्या बाकड्यावर जाऊन बसली.

बाकडं कसलं, तर चपलांशेजारी पडलेलं, एका पायाने लंगडं! थोरलीची मूठ वर गेली होती. आपट गं, येईल ती परत, मी मनात म्हणत होतो. पण एकटीने दुकान ओढणं तिला जमणारं नव्हतं. ती बाहेर गेली आणि त्या लंगड्यावरच टेकली.

"खिडकीशिवाय मला सुईत दोरा ओवता येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "डोळे अधू झालेत. सांगायची लाज वाटली."

"मग हे सांगायचं ना, ताई! मी ओवून दिला असता." धाकटीने डोळे पुसले. "आणि ते धूड तिथून हलवलं, तर खिडकी दोघींना पुरेल."

धूड म्हणजे मी!

त्याच दुपारी दोघींनी मिळून मला कोपऱ्यात ढकललं. कोटाच्या बाह्यांसाठी नवं कापडही मिळूनच आणलं. आता काही ठरवायचं असलं, की दोघी चहा घेऊन बाकड्यावर जातात. "टेबलापाशी माझं तोंडच उघडत नाही," धाकटी म्हणते, तेव्हा माझा नुसता तिळपापड होतो.

अहो, मूठ माझी नव्हती हो! एकदा माझ्यावरही कोपर टेकून मनातलं बोला ना. चहा सांडला तरी चालेल.